दाराआडची आई

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. शिवण उलटून पाहिल्याशिवाय एकही सदरा तिच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. मैत्रिणी थट्टेने म्हणत, "ही नवरासुद्धा उलटा करून बघेल, म्हणून तर लग्न राहिलं!"

आई गेल्यापासून बाबांनी जिना उतरणे सोडले होते. भाजी नको, दाढीही नको. फक्त एकदा, लहानपणीच्या कुत्र्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. तेवढ्या धाग्याला धरून तिने पिल्लू शोधायला घेतले.

पहिल्यांदा दोघे गेले ते एका निवृत्त शिक्षिकेकडे. बाईंनी आधी पिल्लांची आई समोर आणली, अंगणात पळवून दाखवली. तिच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे उजेडाला धरले. मग उलटतपासणी सुरू झाली. घरी दिवसा कोण असतं? मजला कितवा? शेवटी चष्मा पुसत बाईंनी विचारले, "राग मानू नका, पण तुमच्यानंतर याचं कोण करणार?"

बाबा उठलेच. रिक्षात बसल्यावर त्यांचा पारा चढला. "कुत्रं मागायला गेलो की मुलगी? वर मला पोहोचवूनही मोकळी झाली बया!"

तिलाही बाईंचा राग आला. खरे तर आई गेल्यावर प्रथमच बाबा एवढे तावातावाने बोलत होते, आणि ते बोलणे तिला मोडायचे नव्हते.

दुसऱ्या विक्रेत्याने काहीच विचारले नाही. चकचकीत दिवाणखान्यात त्याने लॅब्रडॉरचे पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून आणले आणि सरळ बाबांच्या मांडीवर ठेवले.

"याची आई?" तिने विचारले.

"फार्मवर आहे, ताई. मोकळ्या हवेत."

तेवढ्यात आतल्या बंद दारामागे काहीतरी खरवडले आणि एक दबके भुंकणे ऐकू आले. तिने दाराकडे पाहिले, मग बाबांकडे. पिल्लू त्यांची हनुवटी चाटत होते आणि बाबा चक्क हसत होते. ते दार उघडा असे म्हणणे तिच्या जिभेवर आले होते. तिने पर्स उघडून पैसे मोजले.

पिल्लाचे नाव पडले 'साहेब'. साहेबांची स्वारी निघाली की बाबा मागे पट्टा धरून. दाढी होऊ लागली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी भांडणेही सुरू झाली, आणि संध्याकाळी त्यांचा वृत्तान्त ऐकताना तिचा जीव सुपाएवढा होई.

काही महिन्यांनी साहेब मागचे पाय ओढू लागला. डॉक्टरांनी तपासले. "दोन्ही खुबे जन्मतःच सदोष आहेत. शस्त्रक्रियेलाही फारसा वाव नाही. वजन वाढेल तशी वेदना वाढेल." पुढचे त्यांनी बाबा बाहेर गेल्यावर सांगितले. त्याला शांतपणे झोपवणे, हीच दया ठरेल.

ती तडक त्या विक्रेत्याकडे गेली. त्याचा चेहरा जराही उतरला नाही. "ताई, एवढंच ना? दुसरं घेऊन जा. नवीन वेत आलंय." आणि या वेळी त्याने ते दार स्वतःच उघडले.

आत ओल्या फरशीवर, चार पिल्लांच्या गराड्यात, एक हाडकुळी कुत्री होती. परक्या माणसाला पाहून ती पुढच्या पायांवर उठली. मागचे धड तसेच फरशीवर घासत आले. साहेबाचीच चाल. एक पिल्लू तिच्या चपलेवर येऊन बसले. तिने त्याला उचलून कुत्रीजवळ ठेवले.

ती परतली तेव्हा बाबा जिन्याच्या वळणावर बसलेले होते. साहेब मांडीवर. उतरताना दम लागला की कुत्र्याचा पाय अडला, ते त्यांनी सांगितले नाही.

"काय म्हणाला?"

"बदलून देतो म्हणाला."

बाबांनी साहेबाचे कान कुरवाळले.

"डॉक्टर माझ्यामागे काय म्हणाले असतील, ते कळलं मला. त्या बाई शहाण्या होत्या गं. फक्त प्रश्न उलटा विचारला त्यांनी." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "याच्यानंतर माझं कोण करणार, ते विचारायला हवं होतं."

"मी आहे ना, बाबा."

"तू आहेस गं. पण तू मला चालायला नेशील, आणि मी नाही म्हणेन. याला नाही म्हणता येत नव्हतं."

साहेबाला नेले त्या दिवशी बाबा दवाखान्यापर्यंत आले, त्याचे डोके मांडीवर घेऊन. घरी येऊन जिना चढले. पट्टा खुंटीला अडकवून खिडकीकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी फिरायच्या वेळेला तिने चपला त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या. बाबांनी त्या पायानेच हळूच पलंगाखाली सारल्या.