अर्जुनरावांचा पूर्वज

अर्जुनरावांना एक पूर्वज हवा होता. पालीजवळच्या गायरानावर त्यांचा पेट्रोल पंप यायचा होता, आणि पंपाला वीराचं नाव असलं की विरोध करणारा आपोआप गद्दार ठरतो. गायरानात एक शिळा अर्धी गाडलेली होती; वर चंद्र-सूर्य कोरलेले. अशा दगडाखाली वीर निघतो, एवढा इतिहास अर्जुनरावांना येत होता.

अनावरणाला मंडप उभा राहिला. पहिल्या खुर्चीत मातोश्री मंजुळाबाई. भाषणाला बीडहून शाईस्ता आली होती. कासम मेकॅनिकची मुलगी, इतिहासात एम.ए., रविवारी हौशी लोकांना जमवून जुने दगड दाखवत हिंडणारी. मंडपाबाहेर शेळ्यांसकट म्हातारी छबुबाई. पंप झाल्यावर शेळ्या चारायच्या कुठं, असं तिनं विचारलं होतं. उत्तर 'विकास' असं मिळालं होतं.

"साहेब, उकरायला परवानगी लागती," शाईस्ता म्हणाली.

"माझ्या खापरपणज्याला भेटायला परवानगी कुणाची?"

फावडी चालली. माती हटली. वीर नव्हता. एक बाई कोरलेली होती, आणि तिच्यावर गाढव होतं.

फावडी थांबली.

"हा वीरगळ न्हाई, गधेगाळ हाय," शाईस्तानं माईकवरच सांगितलं. "दान दिलेल्या जमिनीत रोवायचे. जो जमीन बळकावंल, त्याच्या आईला हे गाढव. शिवी हाय, साहेब. राजमान्य."

"झाका ते!"

"आता झाकायलाबी परवानगी लागती."

छबुबाई येऊन शिळेला टेकून बसली. "कोण झाकतो बघतेच. पोरी, दर रव्वारी घिऊन ये तुजी माणसं. गाढव मी दावते."

"उठवा रे हिला!" अर्जुनराव ओरडले.

फावडेवाले जागचे हलले नाहीत. आई प्रत्येकालाच असते.

मग मंजुळाबाई उठल्या. खुर्ची ओढत शिळेपाशी नेली आणि लेकाकडं तोंड करून बसल्या.

"अर्जुन्या, टाक की पंप. पण आदी मला इचार. गाढव माज्या वाट्याला हाय."

पुढच्या रविवारी शाईस्ताची माणसं आली, तेव्हा शेळ्या चरत होत्या आणि दोन्ही म्हाताऱ्या शिळेच्या सावलीत पान खात होत्या. दगड कुणाचा, असं एकानं विचारलं.

"गायरानाचा," मंजुळाबाई म्हणाल्या. "आमचा अर्जुन्या आता मांजरसुंब्याच्या गायरानात पूर्वज हुडकायलाय."