नुसतं बघायचं

ऊस सारणाऱ्या मल्लव्वाचा हात घाण्याच्या लोखंडी रुळांपाशी गेला, तशी अवंतिकाची बोटं कॅमेऱ्यावर आवळली. ऊस कडकडत आत ओढला गेला. हात मागं आला. अवंतिकानं श्वास सोडला आणि पुढच्या उसाला परत रोखून धरला.

सकाळपासून गुऱ्हाळावर तिचं हेच चाललं होतं. डिझाइनमधली तिची पीएचडी नुसता प्रबंध लिहून मिळणारी नव्हती. वस्तू स्वतः घडवायची, माणसांच्या हाती द्यायची आणि काय बदललं ते दाखवायचं. तिनं घडवलं होतं घाण्याच्या तोंडावर बसणारं पत्र्याचं नसराळं. ऊस आत जाईल, बोटं बाहेर राहतील. शाहूपुरीहून जीपमध्ये घालून आणलेलं ते नसराळं अजून जीपमध्येच पडून होतं.

"सर, आजच बसवू का? मला बघवत नाही."

तिचे मार्गदर्शक राजशेखर सर बाकड्यावर उसाचा रस पीत बसले होते.

"आठवडाभर नुसतं बघायचं ठरलंय. आधीची स्थिती टिपली नाहीस तर परीक्षकांना बदल कसला दाखवणार? बघवत नसेल तर संशोधन सोड आणि फिटर हो."

सर तसे खाष्टच. पण अवंतिकाचा प्रस्ताव एकदा परत आला होता, आणि आता सरांशिवाय तिला वाचवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं कॅमेरा परत घाण्याकडे वळवला.

दुपारी मल्लव्वाची बांगडी रुळाला लागली आणि खळकन फुटली. हात तेवढा वाचला. अवंतिकानं कॅमेरा खाली घेतला.

"आक्का, रोज असंच करता?"

"रोज कशाला? रोज हितं फळी असती की आडवी, हात आत जाऊ नये म्हणून. तुमी फोटू काढणार म्हटल्यावर मीच काढून ठेवली. लई मळकी हाय, बरं दिसत न्हाय."

आता काय म्हणावं या पाहुणचाराला! अवंतिका धावतच सरांकडे गेली. सगळं ऐकून त्यांनी पेला खाली ठेवला.

"फळी लावून टिपलंस, तर फळीत आणि तुझ्या नसराळ्यात फरक किती उरतो, बघ. प्रबंध तुझा आहे. तूच ठरव."

ते उठून जीपकडे गेले.

मल्लव्वा फळी घेऊन उभी होती.

"लावू का बाई परत?"

अवंतिकानं कॅमेऱ्याला डोळा लावला. दोन्ही हात नीट दिसतील एवढं चित्र जवळ घेतलं.

"राहू द्या, आक्का," ती म्हणाली. "फळीशिवायच बरं दिसतंय."

मल्लव्वा खूश झाली. फळी भिंतीला टेकवून तिनं पदर खोचला आणि उसाची मोळी पुढं ओढली.