पिवळी खुर्ची

टिंग.

दुपारच्या शांततेत ओट्यावरचा फोन वाजला आणि केल्सी दचकली. दारावरच्या कॅमेऱ्याला बाहेर काहीतरी हललेलं दिसलं होतं. तिनं खिडकीचा पडदा बोटभर सरकवला.

समोरच्या घरापुढे, पिवळ्या खुर्चीवर, एक म्हातारा बसला होता. हातात फोन नाही, पेपर नाही, सोबत कुत्रं नाही. नुसता बसून थेट तिच्या घराकडे बघत होता.

या खुर्च्या उन्हाळ्यापुरत्या नगरपालिकेनं एका शिल्पकार बाईकडून करून घेतल्या होत्या. प्रत्येक घरापुढे एक, रस्त्याकडे तोंड केलेली. लोकांनी त्या मुकाट्यानं ठेवून घेतल्या, त्यांच्या कडेकडेनं गवत कापलं. बसलं मात्र कुणी नाही. इथं माणसं बसतात ती घरामागे, उंच कुंपणाआड. पुढचं अंगण नुसतं हिरवं ठेवायचं असतं.

केल्सीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकला : ‘याला कुणी ओळखतं का? घरात मी आणि लहान मुलगीच आहोत.’

लगेच दोन घरं पलीकडच्या ट्रिशचा फोन आला. “दार लावलंयस ना गं?”

“लावलंय. पण कुणाचा पाहुणा निघाला तर?”

“पाहुणे मागच्या अंगणात बसतात, बाई! पोलिसांना बोलाव. भिडेपोटी पोरीला संकटात टाकशील.”

पोरीचं नाव निघालं आणि केल्सीचा धीर सुटला.

पोलिसांची गाडी आली ती आवाज न करता. म्हातारा उठला, दोन्ही हात दिसतील असे धरून उभा राहिला. काहीतरी बोलला. मग त्यानं विचारून, अगदी सावकाश, खिशातून छोटा रिमोट काढला आणि दाबला. त्याच्या पाठीमागे त्या घराच्या गॅरेजचं दार वर गेलं. आत निळा पिकअप ट्रक उभा होता.

हा ट्रक केल्सी लेकीच्या, मॅबलच्या जन्माआधीपासून ओळखत होती. रोज संध्याकाळी यायचा, दार उघडायचं, ट्रक गिळून मिटायचं. तिनं कितीदा तरी त्याला हात केला होता. काचेआडून एक हातही हलायचा. चेहरा कधी दिसलाच नव्हता.

पोलीस तिच्या दाराशी आला. “तिथलेच आहेत, मॅडम. परवाच रिटायर झालेत.” तो जरा घुटमळला. “विचारत होते, खुर्ची बसायलाच दिलीय ना?”

केल्सीनं ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. तोवर वस्तीभर झाला होता. मग तिनं केकसाठी केळी कुस्करायला घेतली. काही ना काही घेऊन समोर जायलाच हवं होतं. मॅबल टेबलाशी बसून रंगीत खडूंनी कार्ड करत होती. तिनं मोठी पिवळी खुर्ची काढली होती, खुर्चीत हसणारा माणूस.

समोर गॅरेजचं दार पुन्हा खाली येत होतं. गवतात खुर्चीच्या पायांचे चार फिकट ठसे तेवढे उरले होते.

नुकतीच अक्षरं शिकलेल्या मॅबलनं निळा खडू उचलला. “आई, वर नाव घालू ना? त्या आजोबांचं नाव काय गं?”