बिननावाच्या मनवारीची ओटी

जयवंतरावांनी हेरंबसाठी चांदीचा खुळखुळा आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ना नात्याचे, ना शेजारचे. यांच्याशी ओळख होऊन जेमतेम महिना झालेला. अशा माणसानं परक्याच्या पोरासाठी चांदी का आणावी? खुळखुळा मी गरम पाण्यानं धुतला, पुसला आणि फडताळात अगदी वर ठेवून दिला.

हे म्हणाले, "अगं, पोराला दे की तो."

"दात येताहेत त्याला. तोंडात घालील."

हे परळच्या एका गिरणीत इंजिनखात्यात होते. होते म्हणजे काय, इंजिनाला तेल घालत होते. वाफ कमीजास्त करायची ती विलायतेहून आलेल्या साहेबानं. तो कामाला लागला तेव्हा अर्ध्या गोष्टी यांनीच त्याला दाखवल्या, तरी यांच्या हातातली तेलाची झारी काही सुटली नाही. गिरगावात घरी आले की हे पाटीवर आकृत्या काढून मला सगळं समजावत. मी कॉलेजात दोन वर्षं काढलेली, थोडंफार कळायचं. त्या श्रावणात मात्र पाटी कोरी राहू लागली. जेवतानाही यांचं लक्ष भलतीकडेच असे.

जयवंतरावांनी बंदरात नांगरलेल्या एका आगबोटीवर यांना नोकरी देऊ केली होती. ते त्या बोटीसाठी माणसं जमवत होते.

"लढाऊ बोट होती हो, वहिनी. होती! आता चीनकडे सूत घेऊन जाणार," ते आमच्या पाटावर बसून म्हणाले.

"लढाऊ म्हणजे कुणाची?"

"कुणाकुणाची सांगू! बांधली इंग्लंडात, पण पेरूच्या आरमारासाठी. तिथल्या लढाईत चिलीनं पकडली, नाव बदललं. चिलीला नकोशी झाली तेव्हा तुर्कांनी घेतली, पुन्हा नाव बदललं. तुर्कांनी मोडीत काढली, ती आमच्या कंपनीनं उचलली."

"कुठली कंपनी?"

ते मोठ्यानं हसले. "हरेश्वरराव, वहिनींना कॉलेजात वकिली शिकवली काय हो?"

हेही हसले, पण हसताना माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्याच आठवड्यात चीन आणि जपान यांची जुंपल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मी ती यांच्यापुढे धरली. हे म्हणाले, "आपल्याला काय त्याचं? मी सिंगापुरापर्यंत जाणार आणि परत येणार." जयवंतराव चीन म्हणाले होते. हे सिंगापूर म्हणत होते. सूत तेच, बोट तीच, मग मुक्काम दोन का?

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. तरी वरळी कोळीवाड्याची सोनूबाई टोपली न घेताच यायची, हेरंबला मांडीवर घ्यायची आणि तासभर बोलत बसायची. तिचा दत्तू आणि त्यांच्या वाड्यातले आणखी काही जण त्याच बोटीवर खलाशी म्हणून ठरले होते.

"पण आमचे कुशाबा तांडेलानं सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "नारळी पुनव झाल्याबिगर कोन पाय ठेवनार नाय. आनि पयल्यांदा घरच्या बायांनी होडीची ओटी भरायची. धनी बदलला म्हंजे होडी नवी नवरीच गो. ओटी न भरता कशी धाडायची?"

"आणि जयवंतराव तयार झाले?"

"होतील नाय तर काय! आमची मानसं नाय तर मनवार काय हवेवर चालंल?" लढाऊ बोटीला कोळी मनवार म्हणतात. "तूपन चल. तुझा घो पन त्याच होडीवर ना?"

मी जायचं ठरवलं ते ओटीसाठी नाही. मला बोट बघायची होती.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मचव्यानं आम्ही निघालो. हे पहाटेच पुढे गेले होते. कोळणींनी हिरवी लुगडी नेसली होती, डोक्यांत अबोलीचे वळेसर होते, आणि सोनूबाईच्या ताटात खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ. पाणी अजून गढूळ होतं. मी हेरंबला पदराखाली घट्ट धरून बसले होते.

बोट जवळ आली तशी मी तिची मागची बाजू निरखली. काळा रंग नवा होता, ऊन पडेल तिथे चकाकत होता. त्याच्याखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे दिसत होते, एकावर एक, काही आपल्या इंग्रजीसारखी, काही उजवीकडून डावीकडे जाणारी. त्यांच्यावर आताचं नाव मात्र नव्हतं.

वर डेकवर जाडजूड चटया अंथरल्या होत्या. जयवंतराव हात जोडून स्वागत करत होते. हे इंजिनाच्या जिन्यातून वर आले. अंगावर नवा कोट होता. इतकं ताठ उभं राहिलेलं मी यांना गिरणीच्या फाटकाशी कधी पाहिलं नव्हतं.

बायका नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे, निघाल्या. मी हेरंबला क्षणभर चटईवर ठेवलं आणि पदर सावरला. तेवढ्यात तो रांगत कडेला गेला आणि चटई उचकटू लागला. धावत जाऊन उचलला, तर दोन्ही पंजे काळे. चटईखाली डेकमध्ये जाड लोखंडी रूळ बसवलेला होता, अर्धवर्तुळात वळलेला. कसला, ते मला कळलं. कॉलेजात असताना आम्हाला एकदा इंग्रजांची लढाऊ बोट दाखवायला नेलं होतं, तिच्यावर अशाच रुळावरून तोफ फिरत होती. पण या बोटीवर तोफ नव्हती. आणि रूळ वंगणानं माखलेला होता. पोराच्या तळव्यांवरून ते ओघळत होतं, इतकं ताजं.

सूत नेणाऱ्या बोटीला तोफेचा रूळ कशाला माखायला हवा?

मी हेरंबला घेऊन यांच्यापाशी गेले आणि त्याचे हात पुढे केले. यांनी बघितलं आणि मान वळवली.

"वंगण ताजं आहे," मी म्हटलं.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं. चुलीपाशी विचारलं, ट्रामच्या नाक्यावर विचारलं, परवा अंथरुणावर विचारलं."

हे अगदी हळू म्हणाले, "मला इंजिन देणार आहेत, सुभद्रा. सबंध इंजिन. माझ्या शब्दावर वाफ सोडतील. तोफा वाटेत चढतील, पण मी तर खाली असेन."

"आणि दत्तू?"

हे नव्या कोटाची बाही झटकू लागले.

नाळेकडून सोनूबाईचा आवाज आला. "अवो शेट, नाव सांगा हिचं! गोल्फादेवीला सांगाया लागतं, कनचे होडीची ओटी भरतंव ती."

जयवंतराव हसत म्हणाले, "भर की गं बाई. देवीला सगळं कळतं."

"देवीला कळंल. मला कळाया नको?"

"नाव अजून ठरायचंय."

"ठरायचंय?" खलाशांचा म्होरक्या, कुशाबा तांडेल, पुढे झाला. म्हातारा, काटक, कानात बाळी. "परवा निघायची होडी आनि नाव नाय? माझे लहान होडीलापन नाव हाय, शेट."

जयवंतरावांची नजर यांच्याकडे वळली, जणू यांनी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. हे तोंड उघडणार, तेवढ्यात मीच सोनूबाईकडे चालू लागले. चारचौघांत, परक्या पुरुषांपुढे मी कधी बोलले नव्हते. यांची नजर पाठीवर जाणवत होती.

"सोनूबाई, नाव ठरलं नाही, कारण धनी ठरला नाही," मी म्हटलं. "तिकडे दोन राजांची लढाई चाललीय. जो आधी घेईल त्याचं नाव हिच्यावर चढेल. तोफा वाटेत चढतील. मग आपली माणसं खलाशी राहणार नाहीत, त्यांच्यावर गोळे पडतील." आणि हेरंबचे काळे हात तिला दाखवले. "चटई उचलून बघ."

कुशाबानं चटई पायानं सारली. रुळावरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"वहिनी, बायकांनी यात..." जयवंतराव सुरू झाले.

"गप रे मेल्या!" सोनूबाई ओरडली. "बायांनी ओटी भरायची, आनि बायांनी विचारायचं नाय?" तिनं ताटातला नारळ उचलून आपल्या ओच्यात टाकला. "दत्तू, उतर खाली!"

"आये, पन मी शब्द दिलाय..."

"शब्द नाव असलेल्याला देतात. उतर!"

कोळी एकेक करून दोरीच्या शिडीनं उतरले. बायकाही उतरल्या. मी हेरंबसह मचव्यात येऊन बसले. हे वर कठड्याशी उभे होते, जयवंतराव यांच्या कानाशी लागले होते. मचवेवाल्यानं विचारलं, "सोडू?" मी म्हटलं, "थांब." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबवलं. सोनूबाईनं मचवेवाल्याच्या हातातला दोर आपल्या हातात घेतला.

शेवटी हे शिडी उतरून आले. रिकाम्या हातांनी.

हत्यारांची पेटी पहाटे यांनी बरोबर नेली होती. पान्हे, हातोड्या, स्वतः घडवलेली मापं, सगळं तिच्यात. तिला सोडून हे कधी कुठे राहिले नव्हते.

"पेटी?" मी विचारलं.

"राहिली वर. उद्या आणीन."

"आत्ता आणा."

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, चोरी पकडल्यावर माणूस पाहतो तसं. मग पुन्हा शिडीला हात घातला. बराच वेळ वरून काही हालचाल दिसेना. हेरंब रडायला लागला. मग दोरीला बांधलेली पेटी हळूहळू खाली आली, आणि तिच्यामागून हे.

मचवा निघाला. हे बोटीकडे तोंड करून बसले, तिच्या धुराड्याकडे बघत. मी पोराला मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही पाय पेटीवर दाबून ठेवले होते.