बाईंची पिशवी

"अरे, ती माझी पिशवी आहे! तीन नंबरच्या बाकावरची. तू तर ओळखतोस तिला!" बाई खिडकीचे गज धरून म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

खिडकीच्या आतल्या कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. पंधरा मिनिटांपूर्वी धोक्याच्या घंटेचं बटण त्यानेच दाबलं होतं.

बस स्थानकाच्या हरवले-सापडले खोलीत त्याची एकवीस वर्षं गेली. सगळे त्याला छत्रीवाले म्हणत, कारण एके काळी या खोलीत छत्र्यांच्या ढिगातून माणूस शोधावा लागे. बाईंनी त्याला चौथीत शिकवलेलं. वर्गात कुणाचा गृहपाठ न विसरणाऱ्या बाई, निवृत्त झाल्यावर पिशवी कुठेही विसरू लागल्या. "बाई, ही तुमच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त राहते. हिला माझं आडनाव लावू का?" असं तो म्हणे, आणि बाई गजांतून हात घालून त्याचा कान पकडत.

बेवारस सामान दहा मिनिटांत खोलीत आलंच पाहिजे, हा त्याचाच शिरस्ता. अकरा वर्षांपूर्वी त्याच शिरस्त्याने त्याने हमालाला हाक मारली होती. "पैलवान, चहा नंतर. आधी ती बॅग आणा." पैलवान अर्धा कप तसाच ठेवून हसत गेला.

त्या दिवशी शहरात चार ठिकाणी तशा बॅगा फुटल्या. त्यानंतर देशभरातल्या रस्त्यांवरचे कचऱ्याचे डबे उचलले गेले, ते परत आलेच नाहीत. लहान मुलं अक्षरं गिरवण्याआधी फाटकाशी दप्तर उघडून दाखवायला शिकली. चौकशीत कारकुनाला कुणी दोष दिला नाही. पैलवानाची बायकोसुद्धा भेटली की त्याच्या तब्येतीचीच चौकशी करते, आणि ते त्याला सहन होत नाही.

आता विसरलेलं सामान खोलीत येत नाही. फळ्या रिकाम्या. काम एकच, खिडकीतून बघायचं आणि बटण दाबायचं. आज बाकावर काहीतरी काळं दिसलं आणि डोळ्यांआधी बोट पोचलं. नीट पाहिलं असतं तर निळ्या लोकरीने शिवलेला बंद त्याला इथूनही दिसला असता.

"ह्यांचं कानाचं यंत्र आहे रे त्यात," बाई म्हणाल्या. "आत्ताच दुरुस्त करून आणलं. एक वाजता ऑपरेशनला नेणार आहेत त्यांना. यंत्राशिवाय ढिम्म ऐकू येत नाही. आत नेण्याआधी मला काही बोलायचंय."

"काय?"

"ते तुला कशाला?"

तो बाकाभोवती बांधलेल्या दोरीपाशी धावला. बॉम्बशोधक पथकाचा अधिकारी त्याच्या मुलाच्या वयाचा होता.

"साहेब, मालकीण सापडली. माझ्या बाई आहेत. पिशवी मी ओळखतो."

"काका, वीस मिनिटं एकटी पडून होती. मधे कुणी काही टाकलं नसेल कशावरून?"

"मग मी आणतो. माझी जबाबदारी."

"बटण तुम्हीच दाबलंत ना?"

नव्या लोकांना हाच नियम तो स्वतः शिकवत होता. शिवाय खरं सांगायचं तर दोरी कमरेएवढीच होती, पण त्याचे पाय जागचे हलले नाहीत. बाकाशेजारी त्याला अर्धा कप चहा दिसत होता.

चाकांवरचं यंत्र खडखडत बाकापाशी गेलं. त्यातून गोळीसारखा पाण्याचा एक फटकारा बसला, आणि पिशवी फाटून भिंतीपर्यंत उडाली. लोकांनी कानांवरचे हात काढले, बसच्या रांगा पुन्हा लागल्या. अधिकाऱ्याने ओल्या चिंध्या एका पाकिटात भरून दिल्या आणि तो मनापासून "सॉरी, आजी," म्हणाला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कारकुनाने बाईंना आपल्या खुर्चीवर बसवलं. काहीतरी करायलाच हवं होतं. त्याने नोंदवही उघडली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं कोरं पान फाडलं.

"बाई, लिहून न्या. मोठ्या अक्षरांत. ते वाचतील."

बाईंचा चेहरा उजळला. "डोकं आहे हो तुला," म्हणाल्या. त्या लिहू लागल्या, फळ्यावर लिहीत तसं टपोरं. त्याने तोंड फिरवून घेतलं, उगाच नजर पडायला नको म्हणून. बराच वेळ पेनाचा आवाज येत राहिला.

मग थांबला.

बाई पाकिटातल्या चिंध्यांकडे बघत होत्या. त्यांत एक वाकडी काडी होती, सोनेरी.

"चष्म्याचा स्क्रूही बसवून आणला होता," त्या म्हणाल्या. "त्यांच्या. त्याशिवाय अक्षरही दिसत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"तुझ्याकडेच ठेव," बाई उठत म्हणाल्या. "माझ्याकडून हरवेल."