टीव्हीवर भिंगरी

आमच्या घरात भांडण लागलं ते टीव्हीच्या एका भोकापायी. हसू नका, खरं सांगते. टीव्हीच्या मागं एचडीएमआयची भोकं दोन, त्यातलं एक मागं वीज कडाडली तवा जळालं. राहिलेल्या एकात आमच्या मालकांचा, विजयसिंहांचा, सेट-टॉप बॉक्स. आणि त्यातच गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा डबा लावायचा, कारण आक्कांना म्हैस बघायची.

आक्का माझ्या सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एकटीनं खाटंवरनं उतरायचं न्हाय असं डॉक्टरनं बजावलेलं. गोठा गल्लीच्या टोकाला. भिंगरी म्हैस त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली आणि आता तिचे दिवस भरलेले. गेल्या खेपंला आक्का लग्नाला गेलत्या, तेवढ्यात तिचं रेडकू अडून मेलं. ते त्यांच्या जिवाला लागून राहिलेलं.

"मोबाईलवर बघ की," मालक म्हणाले.

"त्या बोटभर काचंत माझी म्हैस मावती व्हय रं? टीव्हीवर दाव, न्हायतर मी उठून जाती गोठ्यात."

आणि बाई गेल्याही असत्या!

मालकांना फुटबॉल बुडाला की जेवण जात न्हाय. दिवसभर वायर काढ, वायर घाल. राहिलेलं भोकबी ढिलं व्हायला लागलं. म्हटलं, सरका बाजूला, मीच बघते.

लक्ष्मीपुरीत सोमशेखर आण्णांचं दुकान हाय. "एकाची दोन तोंडं करायचं कायतरी द्या," म्हटलं. माझ्या डोक्यात शेतातली पाइपलाइन. त्यांनी दिलं, मी घरी येऊन बसवलं, तर टीव्ही काळा ठिक्कर. उलटं केलं, सुलटं केलं, चार शिव्या हासडल्या. तशीच तणतणत परत दुकानात.

"आण्णा, डबडं दिलंयसा!"

"वैनी, हे एका डब्याचं चित्र दोन टीव्हीस्नी वाटतंय. तुमाला करायचंय तरी काय?"

"दोन विहिरी आणि पाट एकच. ज्याची बारी त्याचं दार उघडायचं, दुसऱ्याचं बंद."

"आसं आधी सांगायचं की! मग स्विच पायजे." त्यांनी बटणाची एक डबी काढली. "ध्यानात ठेवा, जो डबा शेवटी चालू हुईल, तिकडं ही आपोआप वळती."

घरी आले, दोन्ही डबे त्या डबीत आणि डबीची वायर टीव्हीत. बटण दाबलं की मैदान, परत दाबलं की भिंगरी. काय तोरा हुता माझा त्या दिवशी, विचारू नका.

रविवारी दुपारी फायनल. मालकांचे दोस्त सोप्यात, म्हंजे पुढच्या खोलीत, दाटीवाटीनं बसलेले, आक्का खाटंवर. दहाच मिनिटं राहिलेली, बरोबरी झालेली, आणि लाईट गेली. काय तो कालवा! लगेच आलीबी. टीव्ही लावला, तर पडद्यावर गोठा. कॅमेऱ्याचा डबा मागनं जागा झालेला.

"वैनी, बटण! बटण दाबा!" सगळे ओरडाय लागले.

मी हात पुढं केला, आणि आक्का कडाडल्या, "हात लावशील तर बघ!"

भिंगरी आडवी पडलेली. मागं रेडकाचं एकच खूर बाहेर आलेलं.

"एकच पाय हाय. दुसरा आत दुमडलाय," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "विज्या, पळ!"

मालक अनवाणी पळाले. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तर ते फुलेवाडीत अडकलेले. तोवर मालक पडद्यावर दिसाय लागले. त्यांना फोन लावून मी स्पीकर आक्कांच्या तोंडापाशी धरला.

"हाताला तेल लाव. ओढू नकोस! तिची कळ थांबू दे, मग रेडकू आत सार. दुसरं खूर मुठीत धरून सावकाश पुढं आण."

"आई, मला जमंल का गं?" त्या माणसाला मी एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मी बघतीया न्हवं? कर."

मग दोन्ही खुरं दिसली, मग नाकाडं, आणि एकदम सगळं रेडकू गवतावर. ते हललं न्हाय. मालकांनी त्याचं नाक पुसलं, गवताच्या काडीनं डिवचलं, आणि ते शिंकलं.

मालकांनी रेडकू उचललं आणि कॅमेऱ्यापुढं धरलं. "आई, दिसतंय का?"

ऑपरेशनला डोळ्यांतनं टिपूस न काढणारी ती बाई ढसाढसा रडली. दोन्ही हात टीव्हीकडं ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मग पदरानं डोळं पुसत मला म्हणाल्या, "लाव गं आता पोरांची मॅच."

मी मागं वळून बघितलं. सोपा रिकामा हुता. सगळे गोठ्याकडं पळालेले, पडद्यावर रेडकाभोवती गर्दी करून उभे हुते. बटण माझ्या हाताशीच हुतं, पण मी दाबलं न्हाय. आक्कांच्या खाटंवर जाऊन बसले.