पिवळा टब आणि मी

आधीच कबूल करतो, मित्रांनो, मला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. मी तामचिनीचा जुना टब, काठाला गंज चढलेला. युगांडातल्या एका केळीच्या बागेत आमचं घर. मालकिणीची जुळी पहिल्यांदा न्हाली ती माझ्यात. तेव्हापासून गाव तिला नालोंगो म्हणतं, जुळ्यांची आई, आणि नवऱ्याला सालोंगो. मग बाजारातून पिवळा प्लॅस्टिकचा टब आला आणि मी कोंबड्यांच्या पाण्याला लागलो.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. पक्षांना बंदी. उमेदवार एकेकटे उभे, मतपत्रिकेवर त्यांचे फोटो. सालोंगो वरच्या फोटोवाल्याचा माणूस.

"देशात पक्षच नाहीत, मग घरात दोन मतं कशाला?" जेवताना तो म्हणाला.

"मग मला रांगेत तरी कशाला उभं करता?" नालोंगो म्हणाली.

"खालच्यावर खूण केलीस तर थेट माहेरची वाट धर."

देशात पक्ष नव्हते खरे, पण आमच्या घरात दोन झाले.

मतदानाच्या सकाळी शाळेचे मास्तर टब मागायला आले, मतदानाचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे मतपत्रिका टबात ठेवून खूण करतात, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. त्यांनी पिवळ्याला उचललं, माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काल आलेला हा राष्ट्राध्यक्ष निवडणार आणि मी कोंबड्यांत! माझा नुसता जळफळाट झाला. तो फुटावा असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी नालोंगो रांग सोडून तरातरा घरी आली. तिने माझ्यातलं पाणी ओतलं, मला राखेने घासलं आणि डोक्यावर घेतलं. मतदान चाललं होतं त्या आंब्याखाली पोचल्यावर कारण कळलं. पिवळा पातळ, ऊन आरपार जायचं. हात वरच्या फोटोवर आहे की खालच्या, ते बाहेरून दिसत होतं. आणि शेजारीच उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून सालोंगो बसला होता.

"मास्तर, माझा टब द्या. पोरांच्या अंघोळी राहिल्यात. त्याच्याऐवजी हा घ्या."

"हे गंजकं डबडं?" सालोंगो गुरगुरला.

"गंजकं असू दे. आतलं बाहेर दिसत नाही."

मास्तर हसले आणि त्यांनी मला टेबलावर ठेवलं. ती वाकली. तिने खूण केली. ती फक्त मी पाहिली.

संध्याकाळी सालोंगोने मला उचलून आत डोकावून पाहिलं. त्याला गंजाशिवाय काही सापडलं नाही. पिवळ्यानेही हळूच विचारलं, "कुणावर केली रे?" आता जळायची पाळी त्याची होती.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं भंगारात काढण्याआधी जरा विचार करा, त्याने तुमचं काय काय झाकून ठेवलंय. मी अजून कोंबड्यांनाच पाणी पाजतो. पण नालोंगो मला रोज राखेने घासते. सालोंगो बघत असला की जरा जास्तच वेळ घासते.